दर्शनी दोरीवरची जागा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दिवाळीच्या आधी पंधरा-वीस दिवस दादर स्टेशनच्या बाहेर दिवाळी अंकांचे स्टॉल लागतात. तुम्ही पाहिले असतील. काही अंक दोरीला चिमट्यांनी टांगलेले, काही समोर पसरलेले आणि बाकीचे विक्रेत्याच्या पाठीमागे गठ्ठ्यात. माझे एक स्नेही बरीच वर्षं अंक काढायचे. संध्याकाळी ऑफिस सुटलं की ते स्टॉलवर जायचे, इतर अंक चाळल्यासारखं करायचे आणि विक्रेत्याचं लक्ष नाही असं पाहून आपला अंक गठ्ठ्यातून काढून हळूच पुढे ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मागे गेलेला असायचा. "अहो, वाईट वाटला तर लोक परत ठेवतील. पण आधी हातात तर घेऊ देत," असं ते म्हणायचे.

आज मी बोलणार आहे कॉम्प्युटर गेम्सविषयी, आणि तरी या स्नेह्यांची आठवण मला सारखी होणार आहे. गेम खेळावेत की नाही, मुलांचे डोळे बिघडतात का, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते गेम तयार करणाऱ्यांविषयी, आणि त्यांच्यातल्याही अगदी लहान मंडळींविषयी. दोघं-तिघं मित्र, कधी एकटाच माणूस, मोठ्या कंपनीचा पैसा न घेता दोन, तीन, पाच वर्षं खपून एक गेम तयार करतात. यांना 'इंडी' म्हणतात. इंडिपेंडंट या शब्दाचं ते लघुरूप. नोकरी सोडलेली असते, साठवलेले पैसे संपत आलेले असतात. गेम पुरा होतो, इंटरनेटवरच्या दुकानात जातो आणि पुढच्या काही आठवड्यांत बहुधा ठरून जातं, की दुसरा गेम करायचा की पुन्हा नोकरी शोधायची. गेमच्या गुणदोषांवर हे ठरतं, असं आपण धरून चालतो. पण त्याच्या आधी एक साधा प्रश्न असतो. तो कोणाला दिसला का?

इंटरनेटवरची दुकानं येण्याआधी, म्हणजे १९९० च्या दशकात, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये गेम पुठ्ठ्याच्या खोक्यातून विकले जात. साखळी दुकानं मोठी, पण फळ्या मोजक्याच. नजरेच्या टप्प्यातली जागा हवी असेल तर प्रकाशक कंपन्या त्याचे पैसे मोजत. खोकं खपलं नाही की परत. एकट्यादुकट्याने तिथे पोचायचं तर प्रकाशकाचं बोट धरूनच, आणि बोट धरलं की पुष्कळदा खेळाचे हक्कही त्याच्याच हातात जायचे.

यातून एक पळवाट काढली ती टेक्सस राज्यातल्या स्कॉट मिलर या तरुणाने. 'शेअरवेअर' नावाची पद्धत तेव्हा होतीच. प्रोग्रॅमची नक्कल करा, मित्रांना वाटा, आवडला तर लिहिणाऱ्याला पैसे पाठवा. लोक नक्कल करायला विसरत नसत, पैसे पाठवायला विसरत. मिलरने १९८७ साली आपल्या 'क्रोझ' या खेळात थोडा बदल केला. पहिला भाग फुकट, हवा तितका वाटा. पुढचे भाग पाहिजे असतील तर हा पत्ता, चेक पाठवा. चेक येऊ लागले. त्याच्या 'अपोजी' या कंपनीमार्फत डिसेंबर १९९० मध्ये 'कमांडर कीन' आला. तो करणाऱ्या मुलांनीच पुढे 'डूम' केला. १० डिसेंबर १९९३ या दिवशी 'डूम'चा फुकट भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर चढवायचा होता, तर वाट बघणारे इतके लोक त्या संगणकात आधीच शिरून बसले होते, की चढवणाऱ्यालाच आत जागा मिळेना.

आपल्याकडेही तो पोचला. कधी फ्लॉपीवरून, कधी संगणकविषयक मासिकांबरोबर येणाऱ्या सीडीवरून. पहिला भाग आमच्या ओळखीतल्या पोरांनी किती वेळा खेळला असेल याची गणती नाही. पुढच्या भागांसाठी अमेरिकेला डॉलरचा चेक पाठवणारा मात्र मला एकही भेटला नाही. त्या मंडळींना आमच्याकडून छदाम मिळाला नसेल, पण त्यांच्या जाहिरातीचं काम आम्ही इमानेइतबारे केलं.

आता एका लहान कंपनीची गोष्ट सांगतो. या सगळ्या इतिहासात मला ती सोबतीला बरी वाटते, कारण प्रत्येक वळणावर ही माणसं भेटतात. लंडनच्या इंपिरिअल कॉलेजात शिकताना एकत्र आलेल्या क्रिस डिले, मार्क मॉरिस आणि टॉम अरंडेल यांनी 'इंट्रोव्हर्जन' नावाची कंपनी काढली. पूर्वी इंग्लंडमध्ये शाळकरी पोरं आपल्या झोपायच्या खोलीत बसून गेम लिहीत. आम्ही त्या जातकुळीतले शेवटचे, असं हे अभिमानाने म्हणवून घेत. त्यांचा पहिला गेम 'अपलिंक' २००१ साली आला. खेळणारा त्यात भाडोत्री हॅकर असतो. सीडी घरीच तयार करायच्या, पाकिटात घालायच्या आणि टपालात टाकायच्या, असा कारभार. ज्यांच्या कानावर नाव गेलं त्यांनी मागवला. पैसे बरे मिळाले.

त्या पैशांवर त्यांनी दुसरा गेम केला, 'डार्विनिया'. मार्च २००५ मध्ये तो बाजारात आला. संगणकाच्या आतल्या जगात राहणारे हिरवे, चपटे, काडीसारखे जीव आणि त्यांच्यावर पडलेला विषाणूंचा घाला, अशी काहीतरी विलक्षण कल्पना. समीक्षकांनी वाखाणला. पण तो खोक्यातून दुकानांत गेला होता, आणि दुकानांत जे होतं तेच झालं. सुरुवातीची खरेदी ओसरली आणि विक्री थांबल्यासारखी झाली. पैशांची चणचण सुरू झाली.

नेमक्या याच सुमारास अमेरिकेतल्या 'व्हॉल्व्ह' कंपनीचं 'स्टीम' आकार घेत होतं. स्टीम सुरू झालं सप्टेंबर २००३ मध्ये, आणि ते दुकान म्हणून नव्हे. व्हॉल्व्हचे स्वतःचे गेम वेळोवेळी दुरुस्त करून खेळणाऱ्यांपर्यंत पोचवायचे, एवढंच त्याचं काम. लोक त्याला मनापासून शिव्या देत. पण नोव्हेंबर २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' आला, आणि तो खेळायचा तर संगणकावर स्टीम घालणं भाग होतं. असे लाखो संगणक झाल्यावर व्हॉल्व्हच्या लक्षात आलं की आपल्या हातात एक बाजारपेठ आली आहे. बाहेरच्यांचा पहिला गेम तिथे ऑक्टोबर २००५ मध्ये लागला, मार्क हीली याचा 'रॅग डॉल कुंग फू'. डिसेंबरमध्ये 'डार्विनिया' लागला.

इथे जरा थांबतो, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. २००५ च्या स्टीमवर बाहेरचे गेम अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. स्टीम उघडलं की समोर बातम्यांची एक खिडकी यायची आणि नवा गेम आला असेल तर तो तिथे दिसायचा. लाखो लोकांना, एकाच दिवशी. म्हणजे दुकानात शिरलात की दोरीवर टांगले जाणारच. आत येणं आणि दिसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. खोक्यातून जो गेम मेल्यात जमा होता, तो स्टीमवर खपला आणि इंट्रोव्हर्जन तरली. मार्च २००६ मध्ये सॅन होजे इथे स्वतंत्र गेम्सच्या महोत्सवात 'डार्विनिया'ला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. बक्षीस घेताना मॉरिसने प्रकाशक कंपन्यांविषयी जे उद्गार काढले ते नभोवाणीवर उच्चारता येण्यासारखे नाहीत. आशय एवढाच, की त्यांचे पैसे घेतले असते तर त्यांनी आमचा गेम नासवला असता.

मग २००८ आलं. ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवरच्या दुकानात जोनाथन ब्लो याचा 'ब्रेड' लागला. ऑक्टोबरमध्ये दोन मित्रांनी नोकऱ्या सोडून केलेला 'वर्ल्ड ऑफ गू' आला. दोन्ही गाजले आणि जगभरच्या पोरांना वाटलं, आपणही करू शकतो. त्याच वर्षी १० जुलैला ॲपलने आयफोनसाठी ॲप स्टोअर उघडलं. पहिल्या दिवशी तिथे पाचशे ॲप होते. त्यानंतर त्यांची मोजदाद करणं सोडून द्यावं लागलं.

फोनवरच्या दुकानात दिसणं म्हणजे काय, हे 'अँग्री बर्ड्स'वरून छान कळतं. रोव्हिओ ही फिनलंडमधली कंपनी. पन्नासहून अधिक गेम करून झालेले, तिजोरीत खडखडाट. डिसेंबर २००९ मध्ये त्यांनी पक्ष्यांचा हा गेम आणला. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये कोणी ढुंकून पाहिलं नाही. पण फिनलंड लहान देश. तिथे थोड्याशा विक्रीवरही यादीत पहिला नंबर लागतो. तो लागला. मग स्वीडन, डेन्मार्क, चेक प्रजासत्ताक. "अमुक देशांत पहिला" एवढं सांगण्यापुरतं भांडवल जमल्यावर त्यांच्या प्रकाशकाने ॲपलच्या इंग्लंडमधल्या दुकानाकडे शब्द टाकला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तिथल्या पहिल्या पानावर 'आठवड्याचा गेम' म्हणून तो झळकला. यादीत कुठेतरी तळाशी असलेला गेम पाहता पाहता इंग्लंडमध्ये पहिला आला. गेम तोच होता.  पुढे त्या पक्ष्यांचे कंपासपेट्या आणि दप्तरं झाली, ती आपल्याकडच्या जत्रांतही आली.

इकडे इंट्रोव्हर्जनचं काय चाललं होतं? सप्टेंबर २००८ मध्ये त्यांचा 'मल्टिविनिया' स्टीमवर लागला आणि पडला. तीच कंपनी, तेच दुकान, त्याच हिरव्या काड्या, फक्त तीन वर्षांनंतर. दुकान भरलं होतं. एक्सबॉक्ससाठी 'डार्विनिया'ची नवी आवृत्ती करण्यात बराच काळ आणि पैसा गेला. ती फेब्रुवारी २०१० मध्ये आली आणि तिनेही हात दिला नाही. माणसं कमी करावी लागली. कंपनी बुडण्याच्या बेतात होती हे मॉरिसने पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. त्या वर्षी जुन्या गेम्सची स्टीमवर सवलतीत विक्री झाली आणि जेमतेम श्वास घेता आला.

मे २०१० मध्ये एक गंमतीचा प्रयोग झाला. कॅलिफोर्नियातल्या 'वुल्फायर' या छोट्या कंपनीच्या जेफ रोझेन याने पाच स्वतंत्र गेम्सचा गठ्ठा विकायला काढला, 'हंबल इंडी बंडल'. किंमत? तुम्ही द्याल ती. शिवाय त्यातले किती पैसे गेम करणाऱ्यांना जावेत आणि किती धर्मादाय संस्थांना, हेही तुम्हीच ठरवायचं. एका सेंटलाही कोणी घेऊ शकत होतं, आणि तसे महाभाग निघालेही. तरीही सुमारे साडेबारा लाख डॉलर जमले. एकेकटा गेम बातमी होत नव्हता. पाचजण एकत्र आले आणि किंमत ग्राहकावर सोडली, ही बातमी झाली. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत चतुर डाव वाटतो. अर्थात युक्ती पहिल्यांदा करणाऱ्याला जेवढं फळ देते तेवढं दहाव्याला देत नाही. चार-पाच वर्षांत अशा गठ्ठ्यांचा सुळसुळाट झाला आणि लोकांकडे न उघडलेल्या गेम्सचे ढीग साचले. पण नोव्हेंबर २०११ मध्ये इंट्रोव्हर्जनच्या जुन्या गेम्सचाच एक हंबल गठ्ठा निघाला, तोवर या युक्तीत दम होता.

पुढचा गेम करताना या मंडळींनी दुकानाच्या भरवशावर राहायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. सप्टेंबर २०१२ मध्ये 'प्रिझन आर्किटेक्ट' त्यांनी अर्धाकच्चा असतानाच आपल्या दारातून विकायला काढला. खेळणाऱ्याने तुरुंग बांधायचा आणि चालवायचा. दर महिन्याला नवी आवृत्ती, आणि तिच्याबरोबर डिले आणि मॉरिस यांची एक चित्रफीत. दोघं कॅमेऱ्यासमोर बसणार आणि या महिन्यात काय नवीन केलं, काय फसलं, ते सांगणार. मी त्यांतल्या काही पाहिल्या आहेत. झगमगाट काही नाही, गल्लीतले दोन शेजारी बोलत बसावेत तसं. पण दर महिन्याला लोक परत येत. आपापल्या तुरुंगातले दंगे आणि पळून गेलेले कैदी यूट्यूबवर दाखवू लागले. मार्च २०१३ मध्ये स्टीमने अपुऱ्या गेम्ससाठी 'अर्ली ॲक्सेस' हा विभाग उघडला, त्यातल्या पहिल्या काही गेम्समध्ये 'प्रिझन आर्किटेक्ट' होता. म्हणजे दुकानात शिरताना गर्दी त्यांच्यासोबतच आली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये गेम पुरा झाला तोपर्यंत दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या होत्या. २०१६ मध्ये ब्रिटिश अकादमीचं म्हणजे बाफ्टाचं पारितोषिक मिळालं आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी या गेमचे हक्क एका स्वीडिश कंपनीला विकून टाकले.

दरम्यान दुकानाचा दरवाजाच बदलत होता. २०१२ पर्यंत स्टीमवर कोणता गेम घ्यायचा हे व्हॉल्व्हमधली काही माणसं ठरवत. नकार आला तर कारण कळत नसे. नकार मिळालेल्यांना स्टीम म्हणजे मिजासखोर द्वारपाल वाटे, आणि स्वीकार झालेल्यांना देवमाणूस. ऑगस्ट २०१२ मध्ये व्हॉल्व्हने 'ग्रीनलाइट' आणलं. आम्ही निवडत नाही, लोकांनीच मतं द्यावीत. सुरुवातीला इतका केरकचरा आला की आठवड्याभरात शंभर डॉलर फी लावावी लागली. ती धर्मादाय संस्थेला जात असे. आता निवडणूक म्हटली की जे होतं ते इथेही झालं. मत द्या, गेमची प्रत फुकट घ्या, असे सौदे सुरू झाले. मतांसाठी घरोघर फिरण्यात गेम करायला वेळ उरेना. जानेवारी २०१४ मध्येच व्हॉल्व्हच्या प्रमुखांनी हे बंद करण्याचा मानस बोलून दाखवला, पण प्रत्यक्ष बंद व्हायला जून २०१७ उजाडलं. त्यानंतरची पद्धत सरळ आहे. गेममागे शंभर डॉलर भरा, कागदपत्रं द्या, जुजबी तपासणी होईल, लावा दुकानात. हजार डॉलरची विक्री झाली की फी परत.

दरवाजा सताड उघडला. २०१२ साली स्टीमवर वर्षभरात चारशेच्या आसपास नवे गेम आले होते. २०२४ मध्ये अठरा हजारांहून अधिक आले. दिवसाला पन्नास. इतके अंक टांगायला दोरी कुठून आणणार?

व्हॉल्व्हचं उत्तर असं, की एक दोरी नकोच. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी पहिलं पानच बदललं. तुम्ही आधी काय घेतलंत, किती तास खेळलात, तुमचे मित्र काय खेळतात, हे पाहून प्रत्येकाला निराळं पान. आमच्या दादरच्या विक्रेत्याला जमलं असतं तर त्यानेही केलं असतं. गिऱ्हाईक येताना पाहून पटापट अंक बदलायचे. ऐकायला न्याय्य वाटतं, आणि पुष्कळ अंशी आहेही. शेतीचा गेम आवडणाऱ्याला शेतीचा गेम दिसतो. पण यंत्राला गेम चांगला की वाईट ते कळत नाही. त्याला फक्त लोक काय करतात ते कळतं. आणि ज्याच्याकडे अजून कोणी आलंच नाही, त्याच्याविषयी यंत्राला काहीच माहीत नसतं.

म्हणून या दुकानात 'विशलिस्ट' नावाच्या यादीला सोन्याचं मोल आलं. एखादा गेम अजून आलेला नाही, पण आला की मला कळवा, अशी नोंद ग्राहक एका कळीने करून ठेवतो. गेम आला की त्याला ईमेल जाते. पुढे वीस टक्के किंवा त्याहून जास्त सवलत लागली की पुन्हा जाते. अशा पुरेशा नोंदी असतील तर 'लवकरच येणारे लोकप्रिय' या पहिल्या पानावरच्या यादीत गेम येतो. पुरेशा म्हणजे किती, ते व्हॉल्व्ह सांगत नाही. सात हजारांच्या आसपास असाव्यात, असा धंद्यातल्या लोकांचा ठोकताळा आहे. गेम लागल्यावर विकत घेणाऱ्या दहाजणांनी अभिप्राय लिहिले, तर 'बहुतेकांना आवडला' वगैरे शिक्का उमटतो. नऊ असतील तर उमटत नाही. मग गेम करणारा माणूस काय करतो? वर्ष-दीड वर्ष आधी दुकानात आपलं रिकामं पान उघडतो आणि नोंदी गोळा करत सुटतो. यूट्यूबवर खेळून दाखवणाऱ्या शेकडो लोकांना पत्रं लिहितो. त्यांच्या नावाने फुकट प्रती उकळणारे भामटेही त्याच पेटीत पत्रं टाकतात, त्यांना ओळखायला शिकतो. अर्धा दिवस गेम, अर्धा दिवस हे. कित्येकजण सांगतात की अर्ध्यावर भागत नाही.

दुकानदाराच्या तीस टक्क्यांवरून पुष्कळ ओरड झाली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये 'एपिक' कंपनीने फक्त बारा टक्के घेणारं दुकान उघडलं. तरी लहान मंडळी स्टीम सोडून गेली नाहीत. मला त्यांचं वागणं समजतं. न विकल्या गेलेल्या गेमचे बारा टक्के काय आणि तीस टक्के काय.

यात एक जुनी युक्ती परत आली याची मात्र मला मौज वाटते. २०२१ पासून स्टीमवर 'नेक्स्ट फेस्ट' भरतो. यायच्या बेतात असलेल्या शेकडो गेम्सचा छोटासा तुकडा आठवडाभर फुकट खेळायला मिळतो. आवडला तर विशलिस्टमध्ये नोंद करा. स्कॉट मिलरने १९८७ मध्ये दुसरं काय केलं होतं? कॅनडातल्या एका माणसाने, जो आपलं खरं नाव सांगत नाही, पत्त्यांचा 'बलाट्रो' हा गेम एकट्याने केला. त्याचा फुकट तुकडा आधी हातोहात फिरला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये गेम लागला आणि महिन्याभरात दहा लाख प्रती गेल्या.

अशा गोष्टी ऐकायला फार गोड असतात. 'अमंग अस' तर सर्वांत गोड. 'इनरस्लॉथ' या तीन माणसांच्या अमेरिकन कंपनीने तो २०१८ मध्ये काढला. कोणी पाहिला नाही. तरी ते दोन वर्षं त्यात भर घालत राहिले. २०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीत जग घरी बसलेलं असताना, काही प्रसिद्ध खेळाडूंनी तो इंटरनेटवर थेट खेळून दाखवला आणि काही आठवड्यांत आपल्याकडची शाळकरी मुलंही एकमेकांना "तू खुनी आहेस" म्हणू लागली. ही हकीकत नव्या मुलांना धीर देण्यासाठी सांगितली जाते. मला ती सांगताना जरा भीती वाटते. दोन वर्षं थांबायला घरात दोन वर्षांचे पैसे लागतात. आणि जे दोन वर्षं थांबले आणि तरीही दिसले नाहीत, त्यांची हकीकत कोण सांगणार?

आपल्या पुण्याची हकीकत मात्र सांगायलाच हवी. 'नॉडिंग हेड्स गेम्स' ही पुण्यातली कंपनी. राजी नावाची मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, त्याला शोधताना वाटेत लागणारे राजस्थानी धाटणीचे महाल, आणि ही कथा एकमेकांना सांगणारे दुर्गा आणि विष्णू, असा त्यांचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर त्यांनी लोकांकडून पैसे उभारायचा प्रयत्न केला. तिथे नियम असा, की ठरवलेली रक्कम पुरी जमली नाही तर एक पैसाही मिळत नाही. ती जमली नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही, परदेशातल्या प्रदर्शनांतून गेम दाखवत राहिले. १८ ऑगस्ट २०२० रोजी जपानच्या निन्टेन्डो कंपनीने निवडक स्वतंत्र गेम्सचा एक कार्यक्रम इंटरनेटवरून जगाला दाखवला. त्यात 'राजी' दिसला आणि त्याच दिवशी निन्टेन्डोच्या दुकानात विक्रीला लागला. पाहणाऱ्याच्या मनात इच्छा झाली आणि बोट पुढे केलं की गेम हातात. बाकीच्या यंत्रांवर आणि संगणकावर तो ऑक्टोबरमध्ये आला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन होतं. पुण्यात तयार झालेल्या गोष्टीला दोरी मिळाली ती क्योटोच्या कंपनीच्या दारात. पुष्कळ पुणेकरांना ती नंतर वर्तमानपत्रातून कळली.

माझ्या स्नेह्यांनी अंक काढणं कधीच थांबवलं. शेवटच्या वर्षीचे गठ्ठे बरेच दिवस त्यांच्या माळ्यावर होते. इंट्रोव्हर्जनची मंडळी मात्र अजून गेम करतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी 'द लास्ट स्टारशिप' हा अवकाशयानाचा गेम स्टीमवर लावला, पुन्हा अर्धाकच्चाच, अर्ली ॲक्सेसमध्ये. त्या वर्षी त्या दुकानात चौदा हजारांच्या आसपास नवे गेम आले.